किनाऱ्यावर टाकलेली नवी वाळू, पाण्याखालचा खडक आणि कासवांची घरटी : दक्षिण फ्लोरिडाबद्दल एक शंका

खारावारा यांनी विचारले :

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ब्रॉवर्ड परगण्यात राहतो आणि हवा बरी असेल त्या प्रत्येक रविवारी लॉडरडेल-बाय-द-सी येथे किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरून डायव्हिंग करतो. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की येथे बोटीची गरज पडत नाही. पाठीवर टाकी, हातात फिन्स आणि दोरीने मागे ओढायचा डायव्हरचा झेंडा एवढ्या सामग्रीनिशी शंभरेक यार्ड पोहत गेले की पहिला खडक लागतो, आणि तेथे पाणी दहा ते वीस फूटच खोल असल्यामुळे एक टाकी तास-सव्वा तास सहज पुरते.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या एका गावाने आपल्या किनाऱ्यावर ट्रकने वाळू आणून टाकली आणि बुलडोझरने ती पसरली. काम सुरू होण्यापूर्वी गावाच्या सभेत मी खडकाबद्दल विचारले होते. तेव्हा ‘वाळू किनाऱ्यावर टाकतो आहोत, समुद्रात नाही’ असे उत्तर मिळाले आणि तेवढ्यात माझी बोलण्याची तीन मिनिटे संपली.

मार्चमध्ये त्या बाजूच्या खडकावर गेलो तेव्हा जे दिसले ते येथे लिहून ठेवतो. खडकातल्या खळग्यांत मैद्यासारखा पांढरट थर साचला होता. हात लांब ठेवून नुसते पाणी हलवले तरी तो धुरासारखा वर उठे आणि बराच वेळ तेथेच तरंगत राही. एका मेंदूप्रवाळाच्या नागमोडी खाचा त्या थराने इतक्या भरल्या होत्या, की दुरून तो गुळगुळीत धोंडा वाटला. एरवी पन्नास फुटांवरचा साथीदार स्पष्ट दिसतो, त्या दिवशी त्याचे फिन्स दहा फुटांवरच दिसेनासे झाले. अर्थात तीन दिवस ईशान्येचा वारा होता, त्यामुळे सगळा दोष वाळूवर टाकावा की नाही याची मला खात्री नाही.

दुसरी गोष्ट कासवांची. मे महिन्यात सूर्योदयापूर्वी टाकी घेऊन खाली उतरताना नव्या पुळणीवर एका मादीचा माग दिसला. पाण्यातून वर आलेला तो माग मांडीएवढ्या उंचीच्या वाळूच्या उभ्या कड्याशी थांबला होता, तेथून कड्याच्या कडेकडेने तीस-चाळीस पावले गेला होता आणि मग वळून पुन्हा पाण्यात उतरला होता. घरटे झाले नव्हते. पुळण रुंद झाली म्हणजे कासवांची सोय झाली असे मी आजवर समजत होतो.

हा गढूळपणा तात्पुरता असतो का? किनाऱ्यावर टाकलेली वाळू खडकापर्यंत खरोखर पोहोचते का? आणि रुंद पुळण कासवांना नको कशी असू शकते? या विषयाशी ज्यांचा कामानिमित्त संबंध आला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

अवसाद यांचे उत्तर :

मी स्थापत्य अभियंता आहे आणि नोकरीची बरीच वर्षे किनारा-संरक्षणाच्या कामांत गेली आहेत, काही भारतात आणि काही फ्लोरिडात. सभेत तुम्हांला मिळालेले उत्तर अर्धेच खरे होते, आणि उरलेले अर्धे सांगायला तीन मिनिटे पुरली नसती.

आपण ज्याला पुळण म्हणतो तो एका लांबलचक उताराचा फक्त कोरडा माथा असतो. हा उतार पाण्याखाली जात राहतो आणि तुमच्या भागात साधारण पाच-सहा मीटर खोलीपर्यंत लाटा त्यावरची वाळू पुढे-मागे हलवत असतात. माथ्यावर नवी वाळू टाकली की लाटा ती त्या सबंध उतारावर वाटून घेतात. भरावाची रुंदी ठरवताना अभियंता हे वाटप हिशेबात धरूनच काम करतो. त्यामुळे कोरड्या पुळणीची निम्मी रुंदी पहिल्या एक-दोन वर्षांत कमी झाली तर वर्तमानपत्रात ‘करोडो डॉलर वाहून गेले’ असा मथळा येतो, पण आराखड्यात ते आधीच लिहिलेले असते. त्याच आराखड्यात आणखी एक रेषा काढलेली असते. वाळू स्थिरावल्यावर नव्या उताराचा पायथा कोठे येईल ते ती दाखवते. तुमच्या दृष्टीने सगळा प्रश्न या एका रेषेचा आहे. तुमचा पहिला खडक दहा ते वीस फूट खोलीवर आहे, म्हणजे लाटांच्या या कारखान्याच्या हद्दीतच आहे. पायथ्याची रेषा खडकाच्या अलीकडे थांबली तर खडक वाचतो आणि त्याच्यावरून गेली तर तो गाडला जातो.

गाडला गेल्यावर काय होते याचे एक नीट मोजलेले उदाहरण तुमच्याच उत्तरेला, पाम बीच परगण्यातील ज्युपिटर येथे आहे. १९९५ साली तेथे भरावाच्या वाळूखाली किनाऱ्यालगतचे काही हेक्टर खडकाळ तळ गेले. गाडले जाण्यापूर्वी त्या जागी माशांच्या ५४ जाती नोंदल्या गेल्या होत्या आणि मोजणीच्या प्रत्येक पट्टीत सरासरी ३८ मासे दिसत होते. पंधरा महिन्यांनंतर जाती ८ उरल्या आणि पट्टीमागे सरासरी एक मासासुद्धा भरेना. त्यांतले बहुतेक मासे पिल्लांच्या वयाचे होते, कारण उथळ खडक ही त्यांची पाळणाघरेच असतात. वादळी हंगामात असे खडक आपोआपही थोडे झाकले-उघडले जातात आणि तेथील जीव काही आठवड्यांचे झाकलेपण सोसू शकतात. वर्षभराचे सोसू शकत नाहीत.

आता गढूळपणाबद्दल. येथे कणाचा आकार हीच गोष्ट निर्णायक ठरते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ०.३ मिलिमीटरचा वाळूचा कण पाच मीटर पाण्यातून तळाशी जायला दोन-एक मिनिटे घेतो. ०.०२ मिलिमीटरचा गाळाचा कण स्थिर पाण्यातसुद्धा जवळजवळ चार तास घेतो आणि चिकणमातीच्या कणाला कित्येक दिवस लागतात. शिवाय समुद्र स्थिर नसतो. आज बसलेला गाळ परवाच्या लाटेने पुन्हा उठतो. तुम्ही पाहिलेला मैदा या दुसऱ्या जातीचा आहे आणि तो भरावातून आला असेल तर त्याचा उपद्रव एका हंगामापुरता न राहता दर वादळागणिक थोडा थोडा चालू राहतो. प्रवाळ स्वतःवर पडलेले कण चिकट स्रावाने झटकू शकतो, पण त्याला त्यासाठी शक्ती खर्चावी लागते. २०१४ पासून फ्लोरिडाच्या खडकांवर प्रवाळाच्या ऊती झडवणारा रोग पसरलेला असताना उरल्यासुरल्या प्रवाळांवर हा जादा बोजा पडणे बरे नव्हे.

नियम अर्थातच आहेत. फ्लोरिडाच्या वाळूविषयक नियमाप्रमाणे भरावाच्या वाळूत ०.०६२५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली जाणारा बारीक अंश वजनाने ५ टक्क्यांहून अधिक नसावा, आणि जाड खड्यांवरही तशीच ५ टक्क्यांची मर्यादा आहे. रंग आणि कणांची विभागणी मूळ पुळणीशी मिळतीजुळती असावी लागते. काम चालू असताना पाण्याचा गढूळपणा आजूबाजूच्या पाण्यापेक्षा सर्वसाधारणपणे २९ एनटीयूहून (एनटीयू हे गढूळपणा मोजायचे एकक) अधिक वाढू द्यायचा नसतो. माझे वैयक्तिक मत विचाराल तर २९ हा आकडा खाडीच्या पाण्याला ठीक आहे, प्रवाळाजवळच्या पाण्यासाठी तो फार उदार आहे. शिवाय ५ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण पाच लाख घनयार्ड भरावाचे ५ टक्के म्हणजे पंचवीस हजार घनयार्ड मैदा.

ट्रकने आलेल्या वाळूबद्दल एक चांगला शब्द लिहिला पाहिजे. पूर्वी येथे समुद्रतळावरून ड्रेजरने शोषलेली वाळू पाण्यासकट पाइपातून किनाऱ्यावर ओतत असत. मायामी बीचचा १९७० च्या दशकाअखेरचा सुमारे एक कोटी तीस लाख घनयार्डांचा भराव तसाच झाला. त्या पद्धतीत बारीक गाळ त्याच पाण्याबरोबर समुद्रात परत जातो. ब्रॉवर्डमध्ये २०१५-१६ च्या कामासाठी राज्याच्या आतल्या भागातील खाणींची चाळलेली वाळू ट्रकने आणली. तिच्यात बारीक अंश कमी असतो. मात्र हा बदल काही केवळ पर्यावरणप्रेमातून झालेला नाही. जवळच्या समुद्रतळावरची चांगली वाळू संपत आली हे त्याचे मोठे कारण आहे. बहामाची वाळू पन्नास मैलांवर असूनही सरकारी पैशाच्या कामात वापरता येत नाही, कारण देशात वाळू मिळत असेल तोवर परदेशी वाळू नको असे १९८६ चा कायदा म्हणतो.

मुळात ही वाळू लागते का, याचेही उत्तर किनाऱ्यावरच सापडते. या किनाऱ्याने वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असते आणि बोटींना समुद्रात जाता यावे म्हणून किनाऱ्यातून खोदलेले प्रत्येक मुख ती वाट तोडते. १९२८ साली पोर्ट एव्हरग्लेड्सचे मुख उघडल्यापासून त्याच्या दक्षिणेची पुळण उपाशी आहे. उत्तरेला बॉयन्टनजवळच्या मुखावर अडलेली वाळू पंपाने पलीकडे टाकण्याची सोय १९३७ पासून आहे. ते काम कंटाळवाणे आणि सततचे असते, त्यामुळे त्याचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

---

पहाटफेरी यांचे उत्तर :

अवसाद यांनी पाण्याखालची बाजू फार स्पष्ट मांडली आहे. मी पुळणीवरची बाजू लिहिते. गेले सात हंगाम मी परवानाधारक पथकाबरोबर पहाटेच्या घरटे-मोजणीला जाते. आमच्याकडे हंगाम १ मार्चपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत धरतात. आधी लेदरबॅक जातीची कासवे येतात, मग लॉगरहेड आणि नंतर ग्रीन टर्टल. फ्लोरिडाचे महत्त्व किती, तर २०२३ साली राज्यभरात लॉगरहेडची १ लाख ३३ हजारांहून अधिक आणि ग्रीन टर्टलची ७६ हजारांहून अधिक घरटी मोजली गेली. अमेरिकेतील लॉगरहेडची दहांतील नऊ घरटी याच राज्यात होतात.

खारावारा यांनी पाहिलेल्या मागाला आम्ही ‘खोटी फेरी’ म्हणतो. मादी वर येते, काही तरी तिला पटत नाही आणि ती अंडी न घालता परत जाते. चांगल्या, नैसर्गिक पुळणीवरही लॉगरहेडच्या साधारण निम्म्या फेऱ्या अशा रिकाम्या जातात, त्यामुळे एका मागावरून अनुमान काढू नये. परंतु भरावानंतरच्या पहिल्या हंगामात हे प्रमाण वाढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात पूर्वपदावर येते, असे या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी वारंवार दिसलेले आहे.

कारण तुम्ही स्वतःच पाहिले. लाटा नव्या भरावाचा पायथा कापतात आणि वाळूचा उभा कडा तयार होतो. परवान्याच्या अटींप्रमाणे १८ इंचांहून उंच आणि १०० फुटांहून लांब असा कडा दिसला तर तो यंत्राने उतरता करावा लागतो, पण हंगाम सुरू झाल्यावर हे काम करायचे तर प्रत्येक घरट्याची जागा तपासून मगच यंत्र आणता येते. परवानगीची कागदपत्रे फिरेपर्यंत आठवडा निघून जातो आणि त्या आठवड्यातल्या माद्या परत जातात. माझी तक्रार येथेच आहे. कडा फेब्रुवारीअखेर तपासून उतरता करायचा असतो, तेव्हा आमच्या पट्ट्यात ‘सध्या कडा दिसत नाही’ अशी नोंद झाली. ती खरीही होती, कारण त्या दिवशी ओहोटी होती आणि समुद्र शांत होता. कडा आला तो पुढच्या उधाणाला.

दुसरे कारण घट्टपणाचे. यंत्रांनी दाबलेली वाळू डांबरी रस्त्यासारखी होते. ती मोजायला टोकदार दांड्याचे एक उपकरण असते. दर चौरस इंचाला ५०० पौंडांहून जास्त जोर लागला तर पुळण ट्रॅक्टरच्या लांब दात्यांनी खोलवर नांगरावी लागते. लॉगरहेडची मादी मागच्या दोन वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, आळीपाळीने वाळू काढते. एक वल्हे वाटीसारखे वळवून आत घालायचे, मूठभर वाळू अलगद वर आणायची, तोवर दुसऱ्याने आधीची वाळू बाजूला उडवायची. असे करत ती सुरईच्या आकाराचा, दोन फुटांच्या आसपास खोल खड्डा करते. घट्ट थर लागला की वल्हे घसरते, भिंत ढासळते, आणि ती दोनदा-तीनदा जागा बदलून निघून जाते. मी एकदा लाल दिव्यात एक मादी चौथ्यांदा खणायला बसलेली पाहिली होती. खड्डा नारळ ठेवण्याइतका झाला, मग ती थांबली. तिच्या डोळ्यांतून नेहमीप्रमाणे खारट पाणी वाहत होते, आणि ते केवळ मीठ बाहेर टाकण्यासाठी असते हे माहीत असूनही मला तेव्हा तसे वाटले नाही.

अंडी घातल्यानंतरही वाळूचे काम संपत नाही. शंभर-सव्वाशे अंड्यांना सुमारे पावणेदोन महिने वाळूच्या कणांमधल्या फटींतूनच हवा मिळते. बारीक अंश जास्त असेल तर फटी भरतात आणि पाणी धरून ठेवतात. रंग काळपट असेल तर घरटे तापते. पिल्ले नर होतील की माद्या हे अंड्यांच्या तापमानावर ठरते आणि २९ अंश सेल्सिअसच्या आसपास तोल बदलतो, त्याच्यावर माद्या वाढतात. मायामीजवळच्या फिशर आयलंडवर बहामाची फिकट अॅरागोनाइट (चुन्याच्या खनिजाची) वाळू टाकली गेली होती, तेथे उलट घरटी शेजारच्या पुळणीपेक्षा थंड राहिली. म्हणजे कंत्राटदाराने कोणत्या खाणीची वाळू निवडली यावर त्या वर्षीच्या पिल्लांचे लिंग काही अंशी ठरते. या गोष्टीची मला आजही गंमत वाटते आणि भीतीही.

रुंद पुळणीची अडचण अशी, की मादी समुद्रापासून ठरावीक अंतर चालून थांबते. नव्या सपाट भरावावर ती थांबते ती जागा पुढच्या दोन वर्षांत समुद्र परत नेणार असलेल्या भागात येते, आणि अशी घरटी लाटांत जातात. शिवाय पुळण उंच झाल्यामुळे पूर्वी झुडपांच्या वरंब्यामागे लपलेले रस्त्यावरचे दिवे आता पिल्लांना दिसू लागतात. पिल्ले उजेडाकडे जातात. भराव झाला की लगेच रात्री पुळणीवर उताणे झोपून कोणकोणते दिवे दिसतात ते मोजावे, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक बैठकीत लोक हसतात.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहिते. डायव्हरांचा खडक आणि कासवांची पुळण असे दोन वेगळे प्रश्न आपण करतो. ग्रीन टर्टलचे पिल्लू काही वर्षे खोल समुद्रात काढून परातीएवढे झाले की किनाऱ्याजवळ येते आणि याच उथळ खडकावरचे शेवाळ खाऊन वाढते. खारावारा, तुम्हांला रविवारी खडकाच्या कपारीत झोपलेली जी छोटी कासवे दिसतात ती हीच. भरावाने पुळण वाढवून त्यांच्या आयांना जागा दिली आणि त्याच भरावाने त्यांचे कुरण गाडले, तर जमाखर्च कसा मांडायचा? पाम बीच येथील ‘रीच ८’ नावाच्या पट्ट्याच्या भरावाला २००९ साली राज्याने परवाना नाकारला, त्यात वाळूचा दर्जा आणि किनाऱ्यालगतच्या खडकाचे नुकसान हेच मुद्दे होते. तेव्हा सर्फर, मासे पकडणारे आणि डायव्हर एकत्र उभे राहिले होते.

---

बारावा_मजला यांचे उत्तर :

वरच्या दोन्ही उत्तरांतून पुष्कळ शिकायला मिळाले, पण दुसरी बाजूही कोणी तरी लिहायला हवी. २०१२ साली ‘सँडी’ चक्रीवादळ येथून दूर समुद्रातून गेले तरी त्याच्या लाटांनी फोर्ट लॉडरडेलमध्ये समुद्रकाठच्या ए-वन-ए रस्त्याचा भाग खचला होता. तेथे पुळण उरलेलीच नव्हती. जेथे पुळण नाही तेथे कासवाला घरटे करायला जागाही नाही, हे मान्य करावे लागेल. वाळू टाकू नका म्हणणाऱ्यांना मी विचारतो की मग काय करायचे? उत्तर बहुधा ‘भिंत’ असे येते आणि भिंतीसमोरची पुळण लाटांच्या माऱ्याने खरवडून निघते. मागे सरकून राहणे हा पर्याय कागदावर उत्तम आहे, पण आमच्या इमारतीत ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली आहे त्यांना तो सांगायला कोणी पुढे येत नाही. मीही नाही.

एक गमतीची गोष्ट म्हणजे भरावानंतर पहिली दोन वर्षे पाण्याची कड खडकाच्या जवळ गेल्यामुळे डायव्हरांना पोहण्याचे अंतर कमी होते. टाकी घेऊन तापलेल्या वाळूतून चालायचे अंतर मात्र तेवढेच वाढते.

---

दाभोळखाडी यांचे उत्तर :

मी कोकणातून लिहितो आहे. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवे येतात आणि गावागावांतले कासवमित्र अंडी उचलून हॅचरीत नेऊन ठेवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून कासव-संरक्षणाचे जे काम सुरू झाले त्याचेच हे पुढचे रूप. फ्लोरिडासारखे वाळूभरण आमच्या गावाने पाहिलेले नाही. आमच्याकडे धूप झाली की दगडांचा बंधारा येतो. तरी पहाटफेरी यांनी लिहिलेला घट्टपणाचा मुद्दा वाचून एक आठवण झाली. पर्यटकांच्या गाड्या पुळणीवर उतरायला लागल्या त्या वर्षी आमच्या पट्ट्यात मादीचे खणून अर्धवट सोडलेले खड्डे पहिल्यांदा जास्त दिसले. ऑलिव्ह रिडले दीड फुटांच्या आसपासच खणते, तरीही चाकोरीखालची वाळू तिला जड गेली असावी. आम्ही तेव्हा माणसांच्या वर्दळीला दोष दिला होता.

एक विचारावेसे वाटते. तेथे काम चालू असताना हंगाम सुरू झाला तर अंडी आमच्यासारखी हॅचरीत नेतात का?

---

पहाटफेरी यांचे उत्तर :

दाभोळखाडी, शक्यतो नेत नाहीत. येथे घरटे जागेवरच ठेवण्याकडे कल असतो आणि म्हणूनच बहुतेक कामे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात बसवतात. १ मार्चनंतर काम उरले तर रोज पहाटे पथक आधी फिरते आणि त्यानंतरच यंत्रे सुरू होतात. घरटे कामाच्या वाटेत आले तरच ते हलवतात आणि तेही अंडी घातल्याच्या सकाळी नऊ वाजण्यापूर्वी, कारण काही तासांनी गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि मग अंडे फिरले तर तो मरतो. तुम्ही ज्या अलगदपणे अंडी वरची बाजू वर ठेवून टोपलीत रचता तोच प्रकार, फक्त येथे त्यासाठी राज्याचा परवाना खिशात लागतो. गाड्यांच्या चाकोऱ्यांबद्दल तुमचे निरीक्षण मला पटते. खड्डा किती खोलीवर सोडला हे पुढच्या हंगामात फूटपट्टीने मोजून ठेवाल का? चाकोरीतला आणि चाकोरीबाहेरचा असे वेगळे.

---

खारावारा यांनी लिहिले :

सर्वांचे मनापासून आभार. आता माझ्या मनात प्रश्न असा उरतो, की मी पाहिलेला थर भरावाचाच होता की ईशान्येच्या वाऱ्याने उठलेला नेहमीचा गाळ होता, हे एका सामान्य डायव्हरने कसे ओळखावे? पुढचा टप्पा आमच्याच किनाऱ्यासमोर होणार असल्याचे पत्रक नुकतेच दारावर लावून गेले आहेत.

---

अवसाद यांचे उत्तर :

एका डायव्हवरून ओळखता येणार नाही आणि म्हणूनच भरावापूर्वीची नोंद सोन्याच्या मोलाची असते. काम हिवाळ्यात होते आणि हिवाळ्यात पाणी तसेही गढूळ असते, त्यामुळे ‘आधी स्वच्छ होते, नंतर गढूळ झाले’ एवढ्यावर कोणीही तुमचे म्हणणे उडवून लावील. तुम्ही आजपासून दर रविवारी वाऱ्याची दिशा, लाटेची उंची आणि दिसण्याचे अंतर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेवढ्याच वाऱ्याचे रविवार एकमेकांशी ताडून पाहता येतील. खडकाच्या किनाऱ्याकडच्या कडेवर, जेथे वाळू संपून दगड सुरू होतो, तेथील चार-पाच खुणेच्या जागांची छायाचित्रे प्रत्येक वेळी त्याच कोनातून, शेजारी पट्टी धरून काढा. खडकाला हात न लावता. ती कड पुढे सरकते आहे का, हे त्यांतून दिसेल आणि पायथ्याची रेषा खडकावर येते आहे का या प्रश्नाचे तेच प्रत्यक्ष उत्तर आहे. साचलेल्या थराचा चमचाभर नमुना काढावासा वाटला तर आधी परवानगीची चौकशी करा, ती नसेल तर छायाचित्रावर भागवा.

सभेत मात्र प्रश्न बदला. ‘खडकाचे काय?’ असे विचारल्यावर मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी पायथ्याची अपेक्षित रेषा दाखवणारा नकाशा मागा, वाळूच्या चाळणी-चाचणीतला बारीक अंश किती टक्के आला ते विचारा, आणि गढूळपणा मोजणारा माणूस दिवसातून किती वेळा व कोठे नमुना घेणार हे विचारा. हे तिन्ही कागद परवान्याच्या फायलीत असतात आणि सार्वजनिक असतात. खडक गाडला जाणार असेल तर त्याच्या बदल्यात कृत्रिम खडक कोठे बांधणार आहेत हेही विचारून घ्या. ब्रॉवर्डमध्ये २००३ साली चुनखडीचे मोठे धोंडे टाकून सुमारे नऊ एकरांचा असा खडक केला गेला. मासे त्यावर येतात, पण तो मूळच्यापेक्षा खोल पाण्यात असेल तर उथळ खडकावर वाढणाऱ्या पिल्लांना आणि परातीएवढ्या कासवांना त्याचा तितका उपयोग नाही. खोली विचारायला विसरू नका.

---

खारावारा यांनी लिहिले :

काल नकाशा मागितला. पत्रकावरच्या क्रमांकावर फोन केल्यावर दोन ठिकाणी फिरवले, तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र सौजन्याने त्याच संध्याकाळी पाठवून दिला. पायथ्याची रेषा पहिल्या खडकाच्या अलीकडे थांबते, पण माझ्या नेहमीच्या उतरण्याच्या जागेसमोर खडकाचे एक बोट किनाऱ्याकडे आलेले आहे आणि तेथे ती रेषा त्याच्या टोकावरून जाते. आज सकाळी त्या टोकावर जाऊन पट्टी धरून पाच छायाचित्रे काढली. दक्षिणेचा हलका वारा, लाट फूटभर, दिसण्याचे अंतर पंचेचाळीस फूट. टोकाखालच्या कपारीत एक छोटे ग्रीन टर्टल झोपलेले होते. चौथ्या छायाचित्रात त्याचे मागचे वल्हे आले आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जातो आणि येथेच लिहितो.